नाना पळतात

हिंगोली,
११ नोव्हेंबर २०२४

देवश्री,

आशीर्वाद मागाहून देईन, आधी मला उत्तर पाहिजे. तू तुझ्या बापाच्या डोक्यात काय भरवलंस?

आज सकाळी समोरची शितल, ती ब्युटी पार्लरवाली, दुधाची पिशवी द्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "काकू, नाना रामलीला मैदानावर पळून राहिलेत." मी विचारलं, कुत्रं मागं लागलं की काय? ती म्हणाली, मागं कुणीच नाही, नुसतेच गोल गोल पळतायत. मी पायात चप्पल सरकवली आणि तशीच गेले. खरंच होतं गं. एवढा म्हातारा माणूस, धोतराचा काचा मारलेला, अंगात बंडी, डोक्यावर माकडटोपी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पोलीस भरतीची पोरं तिथं सराव करतात, त्यांच्या मागून धापा टाकत चालले होते. मी हबकलेच. सुटलेल्या एसटीच्या मागंसुद्धा हा माणूस कधी पळाला नाही. पुजाऱ्यानं पळू नये, लोकांनी हसू नये असं वागावं, हे त्यांचंच ना म्हणणं?

मला बघूनही थांबले नाहीत. फेरा पुरा केला, मग जवळ आले आणि म्हणाले, "घरी चल, इथं बोलू नको." घरी आल्यावर तिथंही बोलले नाहीत. मी इतके दिवस समजत होते की पहाटे देवाला दुर्वा आणायला जातात. हल्ली जुडीत दुर्वा कमी आणि भलतंच गवत जास्त यायचं, तर मला वाटायचं, डोळे अधू झाले असतील.

शेवटी सगळं शितलनंच फोडलं. दिवाळीच्या आधी तिनं पार्लरमध्ये मोबाइलवर तुझं भाषण लावलं होतं. बंगलोरात तू मराठी मंडळापुढं केलंस ते, उंदरांचं. नाना रस्त्यावरून चालले होते, त्यांनी आवाज ओळखला आणि तिच्या पायरीवर बसले. तेव्हापासून रोज दुपारी जाऊन बसतात. म्हणतात, "शितल, ते उंदराचं लाव." बायका भुवया कोरून घेतायत आणि तुझा बाप पायरीवर बसून तुझा आवाज ऐकतोय. सहा वर्षं ह्या माणसानं तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही. मी काढलं तर ताटावरून उठतात.

तूही काही कमी नाहीस. गणपतीच्या पुजाऱ्याच्या घरात जेवताना कौतुकानं सांगत बसलीस, की मी उंदरांना चाकावर पळवते आणि मग मारून त्यांच्या मेंदूचे काप करते. ते म्हणाले, देवाच्या वाहनावर सुरी चालवणारा हात माझ्या देवघराला लागायचा नाही, ते काम सोडशील तेव्हाच ये. तू काम सोडलं नाहीस आणि आलीही नाहीस. दोघंही एका मातीचे. मधे मी.

भाषण मी पण ऐकलं. पळणाऱ्या उंदराच्या मेंदूत नव्या पेशी उगवतात, बसून राहणाऱ्याच्या कमी उगवतात, एवढं मला कळलं. आता हे माणसाला लागू आहे का, आणि ह्या वयाच्या माणसाला आहे का, ते नीट लिही. फोन करू नको. फोनवर तू "बघू" म्हणून ठेवून देतेस, आणि इथं नाना कान टवकारून बसलेले असतात.

आई


२९ नोव्हेंबर २०२४

देवश्री,

पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस, त्यात "कदाचित" किती वेळा आलंय ते मोजायचा मला कंटाळा आला. तरी इंग्रजी शब्द अडले म्हणून शितलकडून दोनदा वाचून घेतलं आणि जे समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग.

मेंदूच्या आत खोल एक वळकटीसारखा भाग आहे, आठवण आधी तिथं मुरते. उंदराला चाक दिलं की तो आपण होऊन पळतो आणि त्या भागात नव्या पेशी भराभर वाढतात. माणसाच्या मेंदूत म्हातारपणी नव्या पेशी येतात की नाही, ह्यावर तुम्हा शास्त्रज्ञांचीच भांडणं चालू आहेत. मात्र रोज झपाझप चालणाऱ्या म्हाताऱ्यांचा तो भाग थोडा भरलेला दिसला, असं कुणीकुणी मोजलंय. म्हणजे चालणं पळणं चांगलं, पण हमी नाही. हमीच नाही तर माईक हातात घेऊन एवढं ठासून बोलायला काय झालं होतं?

चिडू नको. मी पण चिडलेली नाही. खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलंय. त्यांना विचारलं, काहून पळता? तर "तब्येतीसाठी" म्हणाले. मी काय ओळखत नाही त्यांना? गेली दोन वर्षं नाना विसरतात. नैवेद्य दाखवून झाला तरी पुन्हा दाखवतात. घंटेची दोरी हातात धरून उभे राहतात, वाजवायची की सोडायची ते त्यांना सुचत नाही. मी कुणाला बोलले नाही, ते स्वतः तर नाहीच नाही. तुझं भाषण ऐकून त्यांना आशा वाटली असणार. लेकीशी बोलायचं नाही, पण लेकीनं सांगितलेलं औषध घ्यायचं, हे शोभतं त्यांना.

म्हणून मी आता आडवी येत नाही. पळून आले की गूळ-शेंगदाणे देते. दुर्वा मीच निवडते. मैदानावर दोन जण हसतात म्हणे. हसू देत.

आई


२४ डिसेंबर २०२४

देवश्री,

हे पत्र उभ्यानं वाचू नको.

संकष्टीला मंदिरात गर्दी होती. चंद्रोदयाच्या आधी नाना स्तोत्राची आवर्तनं म्हणायला बसले. मुंज झाल्यापासून ते म्हणतायत, झोपेत म्हणतील असं आपण चेष्टेनं म्हणायचो. मधेच थांबले. मला वाटलं ठसका लागला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि त्याच ठिकाणी पुन्हा थांबले. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं, मला शोधलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "गंगू, पुढं काय हाय?"

त्यांनी चारचौघांत मला नावानं कधी हाक मारली नव्हती. मी जागेवरूनच पुढची ओळ म्हटली. त्यांनी ती धरली आणि मग शेवटपर्यंत बराबर गेले. प्रसाद वाटताना सगळे जास्तच गोड वागले. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नांदेडला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. तू ज्या वळकटीबद्दल लिहिलं होतंस तीच त्यांनी मला पडद्यावर दाखवली. आक्रसलीय म्हणाले. हा आजार हळूहळू वाढतो, गोळ्यांनी थोडा रेटता येतो, जात नाही. आधी अलीकडचं जाईल, मग नावं, मग माणसं. चालणं सुरू ठेवा, पण एकटं सोडू नका.

देवश्री, मी डॉक्टरांना विचारलं, हे तर रोज पळतात, मग असं काहून झालं? ते म्हणाले, आजार पळण्याच्या फार आधीपासून आत बसलेला आहे. मला इतका धक्का बसला की मी नानांकडे बघितलंच नाही. एसटीत बसल्यावर बघितलं. ते खिडकीतून हळदीची शेतं बघत होते, शांत. मला म्हणाले, "मला ठाऊक होतं. तू रडू नको."

मंदिराच्या मंडळानं तूर्त त्यांच्या पुतण्याला पूजेला बसवायचं ठरवलंय. नाना नुसतं शेजारी बसतील.

तू ये, असं मी लिहिणार होते. त्यांना विचारल्याशिवाय लिहवत नाही, आणि विचारलं तर उठून जातात. काय करू ते तूच सांग.

आई


९ जानेवारी २०२५

देवश्री,

नाना हरवले होते. आता घरी आहेत, आधी हे वाच आणि मग पुढचं.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेले होते. मी कट्ट्यावर बसून वाती वळत होते. वर बघितलं तर माणूस नाही. पोरांना विचारलं, ते म्हणाले, आजोबा फाटकातून सरळ बाहेर गेले, आम्हाला वाटलं घरी चालले. घरी नव्हते, मंदिरात नव्हते. स्टेशन पाहिलं, डेपो पाहिला. शितल स्कूटीवर गावभर फिरली.

उन्हं वर आल्यावर नेमसिंग त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. तू त्याला ओळखत नाहीस. साखऱ्याकडच्या तांड्यावरचा आहे, हळद घेऊन मार्केटला आला की देवाला नारळ फोडतो, म्हणून नानांना ओळखतो. नाना त्याला सेनगावच्या रस्त्यावर सापडले, गावापासून कितीतरी लांब. म्हणाला, "काकू, बाबा पळूनच राहिले होते. पायातून रगत येऊन राहिलं होतं. म्या म्हणलं थांबा, तर म्हणले, थांबवू नको, अजून लई राहिलेत."

काय राहिलेत, ते त्याला कळलं नाही, मलाही नाही. मला वाटलं, भ्रम झालाय. मी त्यांचे पाय धुतले. एक बूट कुठं पडला ते त्यांना सांगता येईना. मग मी दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्या दिवसापासून ते खोलीतल्या खोलीत येरझारा घालतात, भिंतीला हात लावतात आणि वळतात. जेवण सोडलंय. मला बोलत नाहीत.

डिसेंबरच्या पत्राला तुझं उत्तर काल आलं. तू लिहितेस, एकटं सोडायचं नाही म्हणून घरात कोंडू नको, हालचाल बंद झाली की झपाट्यानं खचतील. अगं, सोडलं तर हरवतात आणि कोंडलं तर खचतात, मग मी करू काय? बंगलोरात बसून सल्ला द्यायला काय जातं! त्या रागात मी रात्रीची भांडी सकाळी आपटून घासली आणि घासताना एकदम सुचलं. तुझे उंदीर पळतात पण हरवत नाहीत, कारण चाक जागच्या जागी फिरतं. आपल्याकडेही चाक आहेच की. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा मार्ग आहे, तीन बाजूंनी भिंत, समोर सभामंडप, आणि मंडपाचं दार लावलं की बाहेर जायला वाटच नाही. जन्मभर त्यांचे पाय तिथंच फिरलेत. प्रदक्षिणा घालताना पुजारी हरवला असं मी तरी ऐकलेलं नाही.

मंडळाच्या लोकांना मीच जाऊन विचारलं. पहाटे काकड्याच्या आधी, दार लावून, कुणाला अडचण न होता. एक जण म्हणाला, देवाभोवती पळणं बरं दिसतं का. मी म्हटलं, तुम्ही झोपलेले असता, तुम्हाला कसं दिसेल? मग हो म्हणाले.

आजपासून सुरू केलंय. मी मंडपात बसून समया पुसते, ते फिरतात. पळतात म्हणण्यापेक्षा भरभर चालतात. दरवेळी समोर आले की देवापुढच्या दगडी उंदराच्या कानाला लागतात, लोक नवस सांगताना लागतात तसं, एक कान हातानं झाकून दुसऱ्या कानात. मग पुन्हा फेरा. आठवण मागत असतील देवाकडं. मागू देत. आज घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आई


२ फेब्रुवारी २०२५

देवश्री,

काल गणेशजयंती झाली.

पहाटे नेहमीसारखे आम्ही गेलो. जयंती म्हणून मी देवापुढच्याच समया उजळत होते, उंदराच्या चौथऱ्यामागं जमिनीवर बसून. नानांना मी तिथं आहे हे दिसलं नसावं. फेरा संपवून आले, वाकले, उंदराचा एक कान झाकला आणि दुसऱ्यात बोलले. मला ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं, नवस दुसऱ्यानं ऐकू नये हे मला कळतं. पण ऐकू आलं.

म्हणाले, "हा एक माझ्याकडून. देवश्रीच्या नावावर धरू नको."

आणि गेले फेऱ्याला. समईतलं तेल लुगड्यावर सांडलं तेसुद्धा मला नंतर कळलं. फेरा घेऊन पुन्हा आले, पुन्हा तेच. शब्द तेच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ज्या माणसाला संकष्टीला पुढची ओळ आठवली नव्हती, तो माणूस. मी उठून उभी राहिले आणि त्यांचा हात धरला. म्हटलं, काय चाललंय हे? काय धरू नको म्हणता?

आधी दचकले, चोरी पकडल्यावर माणूस दचकतो तसे. मग पायरीवर बसले, मला पण बसवलं आणि इतकं सरळ बोलले की मी त्यांना वर्षभरात असं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, "तिच्या भाषणात होतं. ते उंदीर पळतात, पळतात, आणि मग तिला त्यांना मारावं लागतं, त्याशिवाय आतलं दिसत न्हाई. त्यांचं अर्धं राहिलेलं पळणं मी त्यांच्यासाठी पळून राहिलो. एका उंदराचा एक फेरा. तेवढं पाप तिच्याकडून उतरतं."

देवश्री, मैदानावरच्या त्या बुटांपासून मी आणि तू, दोघी काय समजत होतो! पेशी, वळकटी, हमी, कदाचित. तू चार पानं त्यावर लिहिलीस. हा माणूस स्वतःची आठवण वाचवायला पळतच नव्हता. सेनगावच्या रस्त्यावर रक्ताळल्या पायांनी "अजून लई राहिलेत" म्हणत होता, ते उंदीर राहिले होते. तुझे.

मी विचारलं, आणि तुमची आठवण? ते म्हणाले, "ती जायची ती जाणार. मी विसरलो तरी ह्याच्या ध्यानात राहील," आणि दगडी उंदराच्या पाठीवर हात ठेवला.

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, एवढं होतं तर लेकीला बोलवायचं होतं, सहा वर्षं माझा जीव का जाळलात? त्यांनी उलट विचारलं, "तिनं ते काम सोडलं का?" मी खोटं बोलले नाही. नाही सोडलं म्हटलं. मला वाटलं आता उठून जातील. ते बसूनच राहिले. म्हणाले, "सोडू नको म्हणावं. कुणाच्या तरी बापाला कामी येईल. मी आहे ना फेरे घालायला." आणि थोड्या वेळानं, कपाळाला आठ्या घालून, "पण माझा हिशेब लागत न्हाई, गंगू. तिला विचार, अजून किती राहिलेत?"

सहा वर्षांत तुझ्या बापानं तुला पाठवलेला हा पहिला निरोप आहे. मी तो जसाच्या तसा लिहिला.

आज सकाळी पुन्हा फेऱ्यांना गेलो. उंदराच्या कानाशी वाकले आणि थांबले. मी मनात म्हटलं, झालं. पण मग तुझं नाव त्यांच्या तोंडून आलं, पूर्ण आलं. वेळ लागला, पण आलं. उद्याचं मी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही.

तर आता ऐक. उत्तर कागदावर लिहायचं नाही आणि फोनवर तर मुळीच नाही. खरा आकडा असेल तो असू दे, हजार असो की काही असो. सुट्टी मिळो न मिळो, तू गाडीत बस आणि ये, आणि स्वतः त्यांच्या कानात सांग. दुसऱ्या कानावर हात मी धरीन.

आशीर्वाद.

आई